कॅज्युअल्टीत डोकेदुखी: केटोरोलॅक, डायक्लोफेनॅक कुणाला, किती आणि कुणाला अजिबात नको

डोकं धरून आलेल्या रुग्णाला सुई टोचायला एक मिनिट लागतं. त्याआधी दहा मिनिटं प्रश्न विचारायला आणि तपासायला हवीत. रात्रीच्या गर्दीत नेमकी तीच वाचवली जातात आणि गडबड तिथेच होते. औषध चुकीचं असतं म्हणून नुकसान झालं, असं फार कमी वेळा घडतं. बहुतेक वेळा औषध बरोबर असतं, पण माणूस चुकीचा असतो. कुणाच्या मेंदूत रक्तस्राव सुरू असतो, कुणाला डेंग्यू असतो, कुणाची किडनी आधीच थकलेली असते.

केटोरोलॅक आणि डायक्लोफेनॅक ही दोन्ही एनएसएआयडी गटातली, म्हणजे स्टिरॉइड नसलेली, सूज आणि वेदना कमी करणारी औषधं. हे टिपण नाशिक शहरातल्या आणि तालुक्यांच्या रुग्णालयांत कॅज्युअल्टी सांभाळणारे मेडिकल ऑफिसर, इंटर्न, सिस्टर आणि ब्रदर यांच्यासाठी आहे. घरी किंवा ओळखीच्या कंपाउंडरकडून सुई मारून घेण्यासाठी ते वापरू नये.

आधी विचारा, मग तपासा

पहिला प्रश्न: दुखायला लागल्यापासून कळस गाठेपर्यंत किती वेळ गेला? "कधीपासून दुखतंय" एवढ्याने भागत नाही. अर्धशिशीचं दुखणं साधारण अर्ध्या तासात ते काही तासांत चढतं. मेंदूभोवतीच्या रक्तस्रावात ते सेकंदांत, फार तर मिनिटभरात टोकाला जातं. रुग्ण सांगतो, "कुणी डोक्यात काठी घातल्यासारखं झालं." असं वाक्य ऐकलं की केटोरोलॅकची ॲम्प्यूल ट्रेमध्ये परत ठेवा.

सोळा वर्षांवरचा, शुद्धीवर असलेला रुग्ण, मार लागलेला नाही आणि डोकेदुखी तासाभराच्या आत टोकाला पोचली, अशा वेळी ओटावा नियमातले सहा मुद्दे बघायचे: वय ४० किंवा जास्त, मान दुखणं किंवा आखडणं, कुणाच्या देखत शुद्ध हरपणं, श्रम करताना सुरुवात, क्षणात कळस, आणि तपासताना मान पुढे न वाकणं. यातला एक जरी मुद्दा "हो" निघाला तर रक्तस्राव नाही असं गृहीत धरता येत नाही, सीटी लागतो. हा नियम रक्तस्राव नाकारण्यापुरताच आहे. एखादा मुद्दा जुळला म्हणजे रक्तस्राव आहेच, असा त्याचा अर्थ नाही. नवा बधिरपणा, हातापायात कमजोरी किंवा आधी झालेला रक्तस्राव असेल तर नियम लावत बसू नका, सरळ सीटीकडे जा.

दुखणं सुरू झाल्यापासून सहा तासांच्या आत, आधुनिक मशीनवर काढलेला आणि अनुभवी रेडिओलॉजिस्टने वाचलेला सीटी जवळपास सगळे रक्तस्राव पकडतो. सहा तासांनंतर ही खात्री घसरत जाते आणि सीटी साफ असला तरी पाठीतलं पाणी तपासावं लागतं. सुरगाणा किंवा पेठेतून रुग्ण सावळघाट चढून नाशिकला पोचेपर्यंत यातले दोन-तीन तास वाटेतच जातात. म्हणून रेफरच्या चिठ्ठीवर दुखणं सुरू झाल्याची वेळ घड्याळाप्रमाणे लिहा. "सकाळपासून" हा शब्द पुढच्या डॉक्टरच्या काहीच कामाचा नाही.

मग तपासणी. बीपी, नाडी, ताप, ऑक्सिजन, बोटातून साखर. दोन्ही बाहुल्या सारख्या आहेत का, मान वाकते का, दोन्ही हात समोर धरून डोळे मिटले की एक हात खाली येतो का, रुग्ण सरळ रेषेत चालतो का. डोळा लाल, बुबुळावर धुरकट पडदा आणि उलट्या असतील तर काचबिंदूचा तीव्र झटका समजा. अशा रुग्णाला फेनर्गन (प्रोमेथाझिन) दिलं तर डोळ्यातला दाब आणखी वाढू शकतो. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली डोकेदुखी, कानशिलावर दुखरी शीर आणि चावताना जबडा भरून येणं ही खूण धमनीच्या सुजेची. तिथे ईएसआर (सूज दाखवणारी रक्तचाचणी) करा आणि स्टिरॉइडला उशीर नको, कारण दृष्टी जाऊ शकते.

बीपी १६०/१०० दिसलं की घाबरून जिभेखाली निफेडिपीन फोडणं बंद करा. वेदनेने बीपी चढतं. दुखणं उतरल्यावर अर्ध्या तासाने पुन्हा मोजा.

आपल्याकडे बरेच रुग्ण डोकेदुखी म्हणत येतच नाहीत. "पित्त झालंय, उलटी झाली की बरं वाटतं" असं सांगतात. एका बाजूला ठणकणारं डोकं, उजेड नको, आवाज नको, महिन्यातून दोनदा तीच तक्रार. ही अर्धशिशीच. त्यांना पॅन्टोप्राझोल आणि ऑन्डेन्सेट्रॉन देऊन घरी पाठवलं की उलटी थांबते, डोकं तसंच राहतं आणि पहाटे ते परत दारात उभे असतात.

ऋतू बघून थांबा

जुलै ते नोव्हेंबर या काळात ताप आणि डोकेदुखी एकत्र आली, डोळ्यांच्या मागे दुखतंय, अंग मोडून आलंय, तर डेंग्यू नाही हे कळेपर्यंत केटोरोलॅक, डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, ॲस्पिरिन यातलं काहीही नाही. ही औषधं प्लेटलेटचं काम बिघडवतात आणि जठराचं अस्तर सोलतात. डेंग्यूत प्लेटलेट आधीच कमी होत असतात आणि रक्तवाहिन्या पाझरत असतात. पहिल्या दिवशी प्लेटलेट १,८०,००० आले म्हणून सुई सुरक्षित होत नाही, कारण घसरण साधारण ताप उतरण्याच्या सुमारास होते. डेंग्यूची एनएस-१ चाचणी निगेटिव्ह आली तरी डेंग्यू नाकारला जात नाही. कफ वरच्या आणि खालच्या बीपीच्या मधोमध पाच मिनिटं फुगवून ठेवा. एक इंच चौकोनात दहा किंवा जास्त लाल ठिपके उमटले तर संशय पक्का समजा. ठिपके नाहीत म्हणून मात्र निश्चिंत होऊ नका. या रुग्णाला फक्त पॅरासिटामॉल: तोंडाने ५०० ते ६५० मिग्रॅ दर सहा तासांनी, किंवा उलट्या असतील तर शिरेतून.

भातलावणीच्या दिवसांत इगतपुरी, त्र्यंबक, पेठ भागातून चिखलात राबणारा माणूस ताप, लाल डोळे आणि दुखऱ्या पोटऱ्या घेऊन आला तर लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) डोक्यात ठेवा. तिथे किडनीवर आघात होऊ शकतो, त्यात आपली सुई नको. ताप असेल तर काखेत, जांघेत, बेंबीजवळ काळी खपली आहे का हेही बघा, कारण स्क्रब टायफसची डोकेदुखी अगदी अशीच असते. ताप आणि ताठ मान असेल तर मेंदूज्वर. अँटिबायोटिक आधी, वेदनाशामक नंतर.

चैत्र-वैशाखात कांदा काढणीचे मजूर आणि वणीच्या गडावर पायी निघालेले भाविक दुपारी डोकं धरून येतात. जीभ कोरडी, सकाळपासून लघवी नाही, नाडी ११०. अशा कोरड्या शरीरात किडनी रक्तपुरवठा टिकवायला प्रोस्टाग्लँडिनवर अवलंबून असते, आणि केटोरोलॅक नेमकं तेच बंद करतं. आधी सावली, अंग थंड करणं, ओआरएस किंवा ५०० मिलि ते १ लिटर सलाईन. लघवी झाली की मग विचार. बऱ्याच जणांचं डोकं तोवर उतरलेलं असतं. २०२७ च्या सिंहस्थात घाटांवरच्या तात्पुरत्या उपचार केंद्रांत हाच प्रकार रांगेने दिसणार आहे, तेव्हा ट्रेमध्ये वेदनाशामकाआधी ओआरएसची पाकिटं मोजून ठेवलेली बरी.

द्राक्षपट्ट्यातून, म्हणजे निफाड, दिंडोरी, पिंपळगाव बसवंतकडून आलेल्या रुग्णाला "आज फवारणी केली का?" हा प्रश्न चुकवू नका. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, तोंडाला लाळ, घाम, नाडी मंद म्हणजे ऑर्गनोफॉस्फेट कीटकनाशकाची विषबाधा. त्याला ॲट्रोपिन लागतं. ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षवेलीचे डोळे फुटण्यासाठी हायड्रोजन सायनामाइडचं पेस्टिंग करतात. ते काम करून संध्याकाळी दारू घेतली की चेहरा लालबुंद, छाती धडधडते, डोकं फुटायला येतं. कारण हे रसायन दारूचं पचन अर्ध्यावर अडवतं. इलाज म्हणजे निगराणी, शिरेतून पाणी आणि बीपीवर लक्ष. याला वेदनाशामक सुई उपयोगी नाही. पुढचे काही दिवस दारू पूर्ण बंद हे नातेवाईकांनाही सांगा.

डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा खाली उतरला की बंद खोलीत शेगडी पेटते आणि खिडकी नसलेल्या न्हाणीघरात गॅस गीझर चालतो. घरातल्या दोघा-तिघांचं डोकं एकाच वेळी दुखतंय, मळमळतंय, हे ऐकलं की कार्बन मोनॉक्साइड. बोटाला लावलेला पल्स ऑक्सिमीटर ९९ दाखवेल, त्यावर विश्वास ठेवू नका. त्याला तो वायू आणि ऑक्सिजन यातला फरक कळत नाही. पिशवीच्या (नॉन-रिब्रीदर) मास्कने मिनिटाला १५ लिटर ऑक्सिजन ताबडतोब.

पोट, किडनी, दमा आणि गर्भ

प्रश्न रुग्णाच्या भाषेत विचारा. "एनएसएआयडीची ॲलर्जी आहे का?" याला उत्तर नेहमी "नाही" येतं. "कुठल्या दुखण्याच्या गोळीने अंगावर पित्त उठलं का, ओठ सुजले का, दम लागला का?" असं विचारलं की खरं बाहेर येतं. दमा आणि नाकात कोंब (पॉलिप) असतील तर या गटापासून लांबच राहा.

काळी शी, रक्ताची उलटी, जुना अल्सर असेल तर नाही. इथे एक गैरसमज खोडायला हवा. सुईने दिलं म्हणून पोटाला लागत नाही, असं नसतं. औषध रक्तातून जठरापर्यंत पोचतंच. आणि सोबत दिलेली पॅन्टोप्राझोलची एक ॲम्प्यूल लगेच कवच चढवत नाही.

बीपीच्या गोळ्यांची स्ट्रिप हातात घेऊन वाचा. टेल्मा-एचसारख्या गोळीत टेल्मिसार्टन आणि लघवी वाढवणारं औषध एकत्र असतं. त्यावर आपली सुई पडली की किडनीवर तीन बाजूंनी ताण येतो. तरण्या माणसात एक डोस सहसा निभावतो, सत्तरीच्या आजींमध्ये दोन दिवसांनी क्रिएटिनिन वर गेलेलं दिसतं. ईजीएफआर (किडनीच्या गाळण्याचा वेग) ३० च्या खाली असेल तर द्यायचंच नाही. ॲसिट्रोम किंवा वॉरफरिनसारखं रक्त पातळ करणारं औषध, स्टेंटनंतरच्या प्लेटलेट रोखणाऱ्या दोन-दोन गोळ्या, हार्ट फेल्युअर, लिव्हर सिरॉसिस, लिथियम, मेथोट्रेक्सेट असेल तरीही दुसरा रस्ता धरा. आदिवासी तालुक्यांत सिकलसेल आहे का हेही विचारा. सिकलसेलच्या रुग्णात नवी तीव्र डोकेदुखी म्हणजे आधी स्ट्रोक नाकारायचा, आणि त्याची किडनी या औषधांना लवकर बिथरते.

पाळी कधी आली होती हे प्रत्येक तरुण स्त्रीला विचारा, शंका असेल तर लघवीची चाचणी करा. २० आठवड्यांनंतर ही औषधं टाळायची, कारण गर्भाच्या किडनीवर परिणाम होऊन गर्भजल कमी होऊ शकतं. ३० आठवड्यांनंतर बाळाच्या हृदयाजवळची नलिका वेळेआधी बंद होण्याचा धोका येतो. गरोदर किंवा नुकत्याच बाळंत झालेल्या बाईचं डोकं दुखतंय आणि बीपी १४०/९० किंवा वर आहे, तर प्रीएक्लॅम्पसिया समजून प्रसूती विभागाला फोन करा. बाळंतपणानंतरच्या आठवड्यांत चढत जाणारी डोकेदुखी, झटका किंवा धूसर दिसणं असेल तर मेंदूच्या शिरेतली गुठळी शोधावी लागते, आणि साधा सीटी ती चुकवू शकतो. सिझेरियनला पाठीत सुई दिली होती आणि बसलं की दुखतं, आडवं झालं की थांबतं, ही वेगळी डोकेदुखी. तिथे दुखणं सौम्य असेल तर वेदनाशामक, पाणी आणि कॅफिनने निभतं, नाहीतर भूलतज्ज्ञांना बोलवा.

अखेरचा प्रश्न सगळ्यात जास्त विसरला जातो: "येण्याआधी काय घेतलं?" गावातल्या दवाखान्यात दुपारी डायक्लोफेनॅकची सुई, घरी झिरोडॉल-पी, दातासाठी उरलेली केटोरोल डीटी. यातलं काहीही पोटात असेल तर केटोरोलॅक देऊ नका. या गटातली दोन औषधं एकत्र दिल्याने वेदनेवरचा परिणाम विशेष वाढत नाही, दुष्परिणाम मात्र वाढतात.

केटोरोलॅक: अर्धी ॲम्प्यूल पुरते

आपल्याकडे १ मिलिमध्ये ३० मिग्रॅची ॲम्प्यूल मिळते आणि सवयीने ती अख्खी जाते. त्याची गरज नाही. २०१७ मध्ये न्यूयॉर्कमधल्या एका इमर्जन्सी विभागात २४० रुग्णांवर १०, १५ आणि ३० मिग्रॅ शिरेतून देऊन तुलना झाली. त्यात डोकेदुखीचे रुग्णही होते. तिन्ही डोसनी अर्ध्या तासाला वेदना सारखीच कमी झाली. म्हणजे ठरावीक मर्यादेपुढे वेदना आणखी उतरत नाही. पोट आणि किडनीचा धोका मात्र डोससोबत चढत राहतो.

म्हणून प्रौढ माणसाला शिरेतून १५ मिग्रॅ, म्हणजे ०.५ मिलि. १० मिग्रॅ द्यायचं तर ०.३३ मिलि, त्यासाठी १ मिलिची सिरिंज वापरा, अंदाजाने ओढू नका. वय ६५ च्या पुढे किंवा वजन ५० किलोच्या आत असेल तर १५ च्या वर जायचंच नाही. १० मिलि नॉर्मल सलाईनमध्ये पातळ करून एक ते दोन मिनिटांत सावकाश द्या. लेबलप्रमाणे किमान १५ सेकंद चालतात, पण सावकाश दिलं तर हात जळजळत नाही. शीर सापडत नसेल तर स्नायूत १५ ते ३० मिग्रॅ. परिणाम अर्ध्या तासाच्या आसपास जाणवू लागतो, एक ते दोन तासांत टोकाला जातो, चार ते सहा तास टिकतो. पाच मिनिटांत "काही फरक नाही" म्हणून दुसरी सुई भरणारे नातेवाईकांच्या दबावाला बळी पडतात. तशा वेळी घड्याळ दाखवा. सुई आणि गोळ्या मिळून एकूण पाच दिवसांच्या वर केटोरोलॅक चालवायचं नाही.

एक गोष्ट सिस्टरांच्या ट्रेवर चिकटवून ठेवण्यासारखी आहे: केटोरोलॅक आणि फेनर्गन एका सिरिंजमध्ये भरायचं नाही. पांढरा साका बसतो. मॉर्फिन, पेथिडीन यांच्यासोबतही तेच. व्हेनफ्लॉनमधून एक औषध दिल्यावर ५ ते १० मिलि सलाईनने धुवा, मगच दुसरं.

डायक्लोफेनॅक

तालुक्याला हेच हाताशी असतं. स्नायूत ७५ मिग्रॅ, दिवसाला कमाल १५० मिग्रॅ. बाजारात दोन प्रकार आहेत: ३ मिलिमध्ये ७५ आणि १ मिलिमध्ये ७५. ३ मिलिची ॲम्प्यूल शिरेत थेट ढकलायची नसते. ती शिरेतून द्यायची तर बायकार्बोनेटने बफर करून, १०० ते ५०० मिलि सलाईनमध्ये, अर्धा ते दोन तास चालवावी लागते. कॅज्युअल्टीत हा उद्योग कुणी धड करत नाही, त्यापेक्षा करूच नये. १ मिलिच्या ॲम्प्यूलवर शिरेतून बोलस देता येतं असं छापलेलं असेल तरच तसं द्या.

स्नायूत देताना जागा महत्त्वाची. नितंबाचा वरचा-बाहेरचा चतुर्थांश, किंवा त्याहून सुरक्षित म्हणजे कमरेच्या बाजूचा, खुब्याच्या वरचा भाग. आतल्या-खालच्या बाजूला सुई गेली की सायटिक नस दुखावते आणि पाय उचलता येत नाही. दंडात हे औषध नको. जाड माणसाला दीड इंची सुई लागते. छोटी सुई चरबीतच थांबते, औषध शोषलं जात नाही आणि गाठ धरते. त्वचा बाजूला ओढून, सुई काटकोनात, मागे ओढून रक्त येत नाही हे बघून, सावकाश. टोचताक्षणी असह्य वेदना आणि जागेवर निळसर-जांभळी जाळी उमटली तर तिथेच थांबा. हा निकोलाऊचा प्रकार. रक्तवाहिनी बंद पडून कातडी आणि स्नायू मरू लागतात. "गाठ आहे, शेका" म्हणून घरी पाठवू नका, सर्जनला दाखवा.

जाता जाता: हे औषध गुरांनाही टोचलं जाई आणि मेलेली गुरं खाऊन गिधाडं मरत. म्हणून २००६ मध्ये जनावरांसाठीचं डायक्लोफेनॅक बंद झालं. तरी माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गुरांना टोचल्या जात, म्हणून २०१५ मध्ये माणसांसाठीची बाटली ३ मिलिच्या एका डोसपुरती केली. हरसूलजवळच्या खोरीपाड्याला वन विभागाने गिधाडांसाठी जेवणाची जागा केली आहे. आपल्या ट्रेमध्ये ३० मिलिची बाटली का दिसत नाही, त्याचं कारण हे.

जोडीला काय

खरं सांगायचं तर अर्धशिशीत हा गट एकटा पहिल्या नंबरचा नाही. २०१४ मधल्या ३३० रुग्णांच्या तुलनेत केटोरोलॅक ३० मिग्रॅ घेतलेल्यांपैकी ५२ टक्क्यांना वरून आणखी औषध लागलं, मेटोक्लोप्रामाइड १० मिग्रॅ घेतलेल्यांपैकी ३३ टक्क्यांना. म्हणून आमची पसंती जोडीला: केटोरोलॅक १५ मिग्रॅ आणि मेटोक्लोप्रामाइड १० मिग्रॅ. मळमळ थांबते आणि डोकंही उतरतं. ऑन्डेन्सेट्रॉनने फक्त उलटी थांबते.

मेटोक्लोप्रामाइडची २ मिलिची ॲम्प्यूल १०० मिलि सलाईनमध्ये टाकून १५ मिनिटांत द्या. झटकन ढकललं की रुग्णाला आतून तगमग सुटते, तो खाटेवरून उठतो, फेऱ्या मारतो, "मला जाऊ द्या" म्हणतो. याला घबराट समजून दुर्लक्ष होतं. मान किंवा जीभ वाकडी झाली तर फेनर्गन २५ मिग्रॅ खोल स्नायूत. शिरेबाहेर झिरपलं तर फेनर्गन कातडी जाळतं, म्हणून शिरेतून टाळा.

स्टेमेटिल, म्हणजे प्रोक्लोरपेराझिन, हा आणखी भक्कम पर्याय. अमेरिकन हेडेक सोसायटीच्या २०२५ च्या शिफारशींत ते सगळ्यात वरच्या पायरीवर आहे. १ मिलिमध्ये १२.५ मिग्रॅ असलेली ॲम्प्यूल असेल तर १० मिग्रॅसाठी ०.८ मिलि. मेटोक्लोप्रामाइड किंवा स्टेमेटिल यातलं एकच द्यायचं, दोन्ही नाही. त्यानंतर रुग्णाला एकदम उभं करू नका, बीपी पडतं.

अर्धशिशी ७२ तासांत परत उलटू नये म्हणून डेक्सामेथासोनचा एक डोस उपयोगी. आपल्याकडची ८ मिग्रॅची व्हायल पुरेशी आहे. मधुमेह असेल तर साखर चढते, आणि डेंग्यू-संसर्गाच्या संशयात द्यायचं नाही.

फोर्टविन (पेन्टाझोसिन) आणि फेनर्गनची जुनी जोडी मात्र सोडा. रुग्ण झोपतो म्हणून दुखणं गेल्यासारखं वाटतं. गुंगीत बाहुल्या, शुद्ध, बोलणं काहीच तपासता येत नाही, आणि तोच रुग्ण तीच सुई मागत पुन्हा येऊ लागतो. ट्रामाडॉलचंही तेच.

एनएसएआयडी गटातलं औषध चालणारच नसेल, तर पॅरासिटामॉल १ ग्रॅम १५ मिनिटांत शिरेतून (५० किलोच्या आत १५ मिग्रॅ प्रति किलो) आणि त्यासोबत मेटोक्लोप्रामाइड. रक्तस्रावाच्या संशयाने रेफर होणाऱ्या रुग्णालाही वाटेत हेच पॅरासिटामॉल, डोकं ३० अंश वर, आणि निघण्याआधीचा शुद्धीचा स्कोअर चिठ्ठीवर.

एका डोळ्याभोवती भोसकल्यासारखं, डोळ्यातून पाणी, रुग्ण एका जागी बसत नाही, असं क्लस्टर दुखणं असेल तर या सुया वाया जातात. १२ ते १५ लिटर ऑक्सिजन पिशवीच्या मास्कने १५ ते २० मिनिटं.

तासाभरानंतर

० ते १० च्या मापावर वेदना सुईआधी, ३० मिनिटांनी आणि ६० मिनिटांनी केस पेपरवर लिहा. तासाभरात निम्मीही उतरली नसेल तर दुसरी वेदनाशामक सुई नको, निदान पुन्हा तपासा. मान परत वाकवून बघा, ताप परत मोजा. फक्त केटोरोलॅक दिलं असेल तर आता मेटोक्लोप्रामाइड जोडा. डोक्याच्या मागच्या मोठ्या नसेला भूल देण्याची सवय असेल तर ती सुईही चांगलं काम करते.

उलट बाजूने सावध राहा: डोकं पूर्ण उतरलं म्हणून रक्तस्राव नव्हता, असं सिद्ध होत नाही. केटोरोलॅकने रक्तस्रावाची डोकेदुखीही काही काळ दबते. सीटीचा निर्णय सुईआधीच्या प्रश्नांवर घ्यायचा, सुईनंतरच्या हसऱ्या चेहऱ्यावर नाही.

मुलांत आधी तोंडाने आयब्युप्रोफेन १० मिग्रॅ प्रति किलो, ताप नसेल आणि डेंग्यूचा संशय नसेल तर. शिरेतून केटोरोलॅक ०.५ मिग्रॅ प्रति किलो, लहान वजनाला सिरिंजवरचा आकडा दोघांनी वाचून. मेटोक्लोप्रामाइडने मुलांची मान वाकडी होण्याचं प्रमाण मोठ्यांपेक्षा जास्त, हे आई-वडिलांना आधी सांगा.

घरी सोडताना

चालवून बघा, पाणी प्यायला द्या. उलटी नाही, चाल सरळ, मान मऊ, मग सोडा. दोन-तीन दिवसांसाठी नॅप्रोक्सेन ५०० मिग्रॅ जेवणानंतर दिवसातून दोनदा पुरतं. केटोरोलॅक दिल्यावर पहिली गोळी किमान सहा तासांनी, ती वेळ चिठ्ठीवर लिहून द्या. व्हॅसोग्रेनची (अर्गोटामिन असलेली) गोळी घेतली असेल तर २४ तास सुमाट्रिप्टान, हे अर्धशिशीचं दुसरं औषध, नाही, आणि हृदयविकार असेल तर दोन्ही नाही.

महिन्यातून किती दिवस गोळी लागते हे विचारा. साधी वेदनाशामक १५ किंवा जास्त दिवस, किंवा सॅरिडॉन, व्हॅसोग्रेनसारखी मिश्र गोळी १० किंवा जास्त दिवस, असं तीन महिने चाललं असेल तर गोळीच डोकं दुखवते आहे. त्याला आणखी एक स्ट्रिप लिहून देऊ नका. न्यूरॉलॉजी किंवा मेडिसिन ओपीडीची तारीख लिहा आणि दुखण्याच्या दिवसांची नोंद वहीत ठेवायला सांगा.

चिठ्ठीवर औषधाचं नाव, मिग्रॅ आणि दिल्याची वेळ स्पष्ट मराठीत हवी. "इंजेक्शन दिले" एवढंच लिहिलं तर रात्री दोनला दुसऱ्या दवाखान्यातला डॉक्टर त्याच गटातली दुसरी सुई भरेल. खाली लाल पेनने लिहा: डोकं अचानक पुन्हा फुटल्यासारखं दुखलं, झटका आला, बोलणं अडखळलं, ताप चढला, काळी शी झाली किंवा लघवी कमी झाली तर वाट न बघता १०८.